कंपनी वाचवणारी गाडी

डेट्रॉइटला लागून असलेल्या आमच्या ट्रॉयमध्ये कोणाच्या गराजात काय आहे, हे मला त्या घरच्यांच्याही आधी कळतं. चंद्रशेखरकाकांच्या गराजातलं मात्र डेट्रॉइटच्या अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक होतं, कारण काका स्वतःच सांगत सुटायचे.

दोन हजार नऊ साली इथल्या मोटार कंपन्या बुडायला आल्या, तेव्हा आम्ही सगळे खर्च आवरून गप्प बसलो. काका सीटच्या डिझाइन विभागात होते. त्यांनी सरळ जाऊन आपल्याच कंपनीची मसल कार घेतली. दोन दारं, लांबलचक नाक, सुरू केली की शेजारी माझ्या स्वयंपाकघरातल्या बशा वाजाव्यात असं इंजिन. आणि रंग मळखाऊ.

"आपणच नाही घेतली तर कोण घेणार?" काका म्हणाले. पुढच्याच महिन्यात कंपनीने त्यांना घरी बसवलं.

दुसरा कोणी गाडी विकून मोकळा झाला असता. काकांनी तिच्यासाठी मापाचं कव्हर शिवून घेतलं. काकू रोज क्लिनिकमध्ये कामाला जायच्या त्या जपानी गाडीने. काकांचे जुने सहकारी यायचे असले की ती गाडी लपवायला माझ्या दारात यायची.

पुढे कंपनी सावरली. गणपतीच्या जेवणात मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, डेट्रॉइट वाचवलंत हो तुम्ही." पंगत हसली. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "एकट्याने नाही रे."

शैलजाकाकू शेजारीच होत्या. "वाचली ना कंपनी? मग आता मला पुलावर न्या."

पूल म्हणजे पार उत्तरेकडचा, मॅकिनॉचा. दोन्ही बाजूंना समुद्रासारखी सरोवरं. काकूंना तो याच गाडीतून ओलांडायचा होता. काका 'नाही' असं कधीच म्हणाले नाहीत. हिवाळ्यात म्हणायचे, बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलंय, पत्रा गंजेल. मीठ धुऊन गेलं की रस्त्यांची कामं निघायची, खडी उडेल. मग ऊन, रंग उडेल. मग ओली पानं, चाकं घसरतील. "काका, पाचवा ऋतू कधी येतोय?" असं मी विचारायचो, आणि काकू माझ्याकडे बघून भुवया उडवायच्या. अशी वर्षं गेली.

मग काकूंना कॅन्सर निघाला, आणि गेल्या फेब्रुवारीत तो हाडांत उतरला. शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी हॉस्पिसची नर्स घरी येऊ लागली. एका सकाळी काका माझ्या दारात उभे. "गाडी काढतोय. तू मागे बस, तिला धरायला कोणीतरी हवं."

मिठाचा ट्रक नुकताच आमच्या गल्लीतून गेला होता. मी जाकीट चढवून निघालो.

त्या गाडीची सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली. काकूंना उचलून आत बसवताना त्या कळवळल्या. श्वास सावरल्यावर म्हणाल्या, "जन्मभर सीटा केल्यात. एक तरी माणसाला बसता येईल अशी करायची." काका खाली वाकून सीट पुढेमागे करत राहिले.

मी मागच्या फटीत गुडघे हनुवटीला लावून बसलो आणि काकूंचे खांदे धरले. प्रत्येक खड्ड्याला ते खांदे आखडायचे.

"कुठे आलो?" काकूंनी विचारलं.

"फ्लिंट मागे पडलं," काका म्हणाले. "तासभर आलो."

"थापा मारू नका. आपल्या डेंटिस्टची पाटी दिसतेय समोर."

सिग्नल हिरवा झाला. काका हलेनात. मागच्याने हॉर्न दिला.

"अजून थोडं पुढे?" काकांनी विचारलं.

"नको हो. वळवा. दुखतंय."

घरी आणून काकूंना पलंगावर निजवलं. काका उघड्या दारात उभे राहून गाडीकडे बघत होते. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी मला म्हणाले, "मला कामावरून काढलं ना, तो अख्खा उन्हाळा मी घरीच होतो रे. तेव्हाच पूल पाहून झाला असता."

आतून काकू म्हणाल्या, "दार लावा. गार वारा येतोय."