शेहेचाळिसाव्या वर्षी ट्रेनी

रजनीताईच्या मुलीचा, तन्वीचा फोन आला तेव्हा मी लोअर परळच्या ऑफिसात आढाव्याच्या बैठकीत बसले होते. पहिल्यांदा मी तो कापला. तिने लगेच पुन्हा केला, तेव्हा उठून बाहेर आले. "केतकीताई, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि मग तिच्या जागी शेजारचं कुणीतरी बोलू लागलं. सकाळी कामावर निघताना रजनीताई चपला घालायला वाकली ती तिथेच कोसळली. जवळच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. एक्कावन्न वर्षांची होती. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. खरं तर मी काही लिहिणार नव्हते, कारण आठवणी लिहायला बसलं की गेलेला माणूस हळूहळू गोड होत जातो, आणि रजनी घाडी गोड नव्हती. पण तेराव्याला तिच्या मोठ्या जाऊबाई चार बायकांत बसून म्हणाल्या, की या वयात कशाला हवा होता तिला हा खटाटोप, घरी निवांत बसली असती तर आज असती. बायकांनी माना हलवल्या. मी तिथे गप्प राहिले, दुःखाच्या घरात वाद नको म्हणून. ते गप्प राहणं मला फार लागलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

पाच वर्षांपूर्वी दादरला, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एक क्लास चालायचा. शनिवार-रविवार सकाळी. एखादं मोठं काम तुकड्यांत कसं पाडायचं, कोणाचं काम कोणावर अडून आहे हे कसं ओळखायचं, आणि ते कुठवर आलंय हे सगळ्यांना वेळेवर कसं कळवायचं, असा तो अभ्यास. मी बी.कॉम. होऊन वर्ष झालं होतं, नोकरी लागत नव्हती, आणि फणसवाडीतल्या आमच्या घरी रोज कुणी ना कुणी त्याची आठवण करून द्यायचं. क्लासात सगळी आमच्याच वयाची मुलं. पहिल्या दिवशी एक बाई आत आल्या, कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी. आम्हाला वाटलं कुणाची तरी आई फी विचारायला आली आहे. एका मुलाने उठून खुर्चीही दिली. त्या खुर्चीत बसल्या, पिशवीतून वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

रजनीताई परळच्या एका नर्सिंग होममध्ये सतरा वर्षं वॉर्डात आया होती. इमारत पाडायला काढली, नर्सिंग होम बंद झालं, आणि सगळ्यांना घरी पाठवलं. तिच्या नवऱ्याने, प्रकाशभाऊंनी, दुसऱ्या हॉस्पिटलात तिच्यासाठी शब्द टाकला होता. तिने तो नाकारला. सतरा वर्षं वॉर्ड मी चालवला, आता त्याचं जे नाव आहे ते शिकून घेते, असं तिने घरी सांगितलं. "आता कित्याक?" आता कशाला, एवढंच प्रकाशभाऊ त्यांच्या मालवणीत म्हणाले होते, आणि तेव्हापासून हा विषय त्यांनी काढला नव्हता. हे सगळं तिने मला दादरहून परळपर्यंत चालताना सांगितलं. क्लास सुटला की आम्ही दोघी चालत निघायचो. तिची बारावी झालेली, पण इंग्रजीची तिला धास्ती. वाटेत मी तिला पुस्तकातली वाक्यं मराठीत सांगायचे. आठवड्याभरात तिने मला अहो-जाहो बंद करायला लावलं.

तिने मला काय शिकवलं, तेही सांगते. कामांच्या साखळीत नेमकी कुठली कामं लांबली तर अख्खं प्रोजेक्ट लांबतं, हे मला तीन रविवार काही केल्या कळेना. सर आकृत्या काढत होते, मी उतरवून घेत होते, डोक्यात शून्य. मी क्लास सोडायचं ठरवलं होतं. तेव्हा परळच्या फुटपाथवर उभं राहून तिने मला एक ऑपरेशन सांगितलं. पेशंट उपाशी हवा, रक्ताचा रिपोर्ट हवा, भूल देणारे डॉक्टर हवेत, चादरी बदललेल्या हव्यात, नातेवाइकाची सही हवी. चादरी उशिरा बदलल्या तर बोलणी बसतात, ऑपरेशन होतं. रक्ताचा रिपोर्ट उशिरा आला तर सगळे हात बांधून बसतात. "मग सकाळी उठून मी आधी कुणाला फोन करणार?" तिने विचारलं. लॅबला, मी म्हटलं. ती पुढे चालू लागली. त्या परीक्षेत मी वर्गात दुसरी आले. पहिली ती आली होती.

नोकरीचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा सरांनी तिला आपुलकीने सुचवलं, की बायोडेटात आया असं लिहू नका, त्याला आता बरी इंग्रजी नावं आहेत. ती म्हणाली, नाव बदललं तर मी सतरा वर्षं काय केलं ते कोणाला कळणार? तिने आयाच लिहिलं, आणि खाली चार ओळींत काय काय केलं तेही. एकोणीस खाटा, तीन पाळ्या, रोजची ऑपरेशनं, कोण कधी कुठे. अर्ज बरेच गेले, बोलावणी थोडीच आली. एका ठिकाणी समोरच्या मुलाने विचारलं, की तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली काम करायला जमेल का. डॉक्टर सगळे माझ्याहून लहानच होते, ती म्हणाली, मी त्यांचं ऐकायचे, आणि वेळ पडली की तेही माझं ऐकायचे. तिथे तिला घेतलं नाही. दुसऱ्या एका कंपनीने घेतलं. हॉस्पिटलांचं नूतनीकरण करून देणारी कंपनी, सहा महिने ट्रेनी, मग कायम करणार. मलाही त्याच सुमाराला लोअर परळला नोकरी लागली. शेहेचाळिसाव्या वर्षी तिच्या गळ्यात ट्रेनीचं ओळखपत्र आलं. ते घालून ती आमच्या घरी, फणसवाडीत, माझ्या आईला दाखवायला आली होती.

आता जे सांगायचं आहे ते तेराव्याला बसलेल्या त्या बायकांना माहीत नव्हतं. तिच्या कंपनीने एका हॉस्पिटलचा अतिदक्षता विभाग नव्याने करायला घेतला होता. दर सोमवारी कामांचा तक्ता भरून तो हॉस्पिटलच्या इंजिनिअरला पाठवणं हे तिचं काम. उद्घाटनाची तारीख ठरली, पाहुणे ठरले. भिंतीतून ऑक्सिजनची नळी जाते, तिची दाबचाचणी झाल्याचा कागद मात्र तिच्यापर्यंत आला नव्हता. मॅनेजरने भर बैठकीत सांगितलं, पूर्ण असं लिहून टाका, कागद दोन दिवसांत येतो आहे. ती म्हणाली, कागद आला की लिहिते. तो हसला, आणि पुन्हा तेच म्हणाला, या खेपेला जरा हळू आवाजात. तेव्हा तिने उत्तर दिलं, "साहेब, त्या खाटेवर मी माणसं पाहिलीत. चाचणी झाली नसेल तर झाली असं माझ्या हाताने मी नाही लिहिणार." आणि 'बाकी' लिहिलेला तक्ता तिने नेहमीच्या वेळेला इंजिनिअरला पाठवून दिला.

इंजिनिअरने काम थांबवून चाचणी करायला लावली. एका सांध्यात गळती निघाली. उद्घाटन नऊ दिवस पुढे गेलं. कोणी तिला शाबासकी दिली नाही, रागावलंही नाही. सहा महिने भरले तेव्हा एक पत्र आलं, टीमशी जुळवून घेत नाहीत, सबब कायम करता येत नाही.

मी तिच्या घरी गेले आणि शहाणपणा शिकवला. पहिली नोकरी होती, निदान कायम होईपर्यंत तरी गप्प राहायचंस, नाहीतरी नंतर कोणी ना कोणी ती चाचणी केलीच असती... असं बरंच काही बोलले. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून तिने विचारलं, त्या दादरच्या क्लासाबद्दल.

"मगे तू थय ह्याच शिकलंस काय गो?"

तेव्हाच्या माझ्या बोलण्यामागे काय होतं, ते मला माहीत होतं. त्याच आठवड्यात मीही माझ्या तक्त्यात एक काम झालं म्हणून लिहिलं होतं. गंभीर काही नाही, एका शाखेतल्या लोकांना नवी प्रणाली शिकवायची होती, अर्ध्यांना शिकवून झाली होती. मी ते तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन दुरुस्त केलं. बोलणी खाल्ली, नोकरी गेली नाही. ते तिला सांगायला मला दोन वर्षं लागली. तेव्हा ती एवढंच म्हणाली, की मला वाटलंच होतं, तू त्या दिवशी चहा न घेता गेलीस.

पाच महिने ती घरी होती. निवांत म्हणतात तशी. जाऊबाईंना सांगायचं आहे, की मी तिला तेव्हाही पाहिलं आहे. त्या पाच महिन्यांत ती जेवढी थकलेली दिसली तेवढी नंतर कधीच दिसली नाही. मग कॉटन ग्रीनला, एका जुन्या गोदामात थाटलेल्या छोट्या कंपनीत तिला पुन्हा ट्रेनी म्हणूनच घेतलं. प्रयोगशाळा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचं त्यांचं काम. मुलाखतीत तिने आधीची नोकरी का गेली ते न विचारता सांगितलं होतं. मालकाने त्यावर म्हणे एवढंच विचारलं, सोमवारपासून येता का. वर्षभरात ती प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर झाली. तापट होती, उशीर चालायचा नाही, चूक दाखवताना शब्द मऊ करायची नाही. तिच्या हाताखाली आलेल्या दोन मुली पहिल्या महिन्यात रडल्या आणि नंतर तिला सोडून जायला तयार नव्हत्या. ती दगदगीने गेली असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. मी तिला शेवटची भेटले ते प्रभादेवीला, एका रविवारी. दीड तास ती फक्त कामाबद्दल बोलली, आणि तिचा चेहरा... तो चेहरा दमलेल्या बाईचा नव्हता.

त्या दिवशी मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा मृत्यूच्या नोंदीचा कागद भरणं चाललं होतं. तिचा पुतण्या काउंटरवर एकेक उत्तर देत होता आणि कारकून लिहून घेत होता. नाव, वय, पत्ता. व्यवसाय विचारल्यावर पुतण्याने काही न थांबता गृहिणी म्हणून सांगितलं. प्रकाशभाऊ मागे बाकावर भिंतीला डोकं टेकून बसले होते. ते उठून काउंटरपाशी आले.

"ता खोडा. ती नोकरी करी होती."

कारकुनाने वर पाहिलं आणि विचारलं, मग काय लिहू. प्रकाशभाऊंनी माझ्याकडे वळून विचारलं, तिचं ते पूर्ण नाव काय होतं गो कामाचं. मी सांगितलं. ते तसंच त्यांनी कारकुनाला सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर तोडून, आणि तो लिहीत होता तोवर काउंटरला हात टेकून उभे राहिले. रकाना छोटा होता. गृहिणी खोडल्यावर जागा आणखी कमी झाली. प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर लिहिताना शेवटची दोन अक्षरं रेषेबाहेर गेली. कारकून म्हणाला, मावत नाही. प्रकाशभाऊ म्हणाले, जाऊ दे भायर.