आई हो म्हणत नाही

माझ्या बाबांना संन्यास घ्यायचाय. हे मी ऑफिसात कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक हात जोडतात. केवढं भाग्य गं तुमचं, म्हणतात. भाग्य कसलं डोंबलाचं. बोरिवलीच्या वन बीएचकेमध्ये एक विरक्त माणूस सांभाळून बघा, मग बोला.

बाबा रिटायर झाले आणि देवाच्या मागे लागले. आधी दुपारची पोथी, मग पहाटेचा जप, मग नाशिककडच्या एका आश्रमात जाऊन राहणं. तिथून आले ते जमिनीवरच झोपायला लागले. गादी सोडली त्यांनी, पण सकाळी चटई गुंडाळायची कुणी, तर आईनं. जेवण एकदाच, पण ते वेळेवर, गरम आणि कांदा-लसणाशिवाय. मला आणि आईला कांदा लागतो, म्हणजे रोज दोन भाज्या आल्या. एकदा मी वैतागून म्हटलंच, "बाबा, तुम्ही संसार सोडताय की अजून एक थाटताय?" त्यांनी नुसते डोळे मिटले. हल्ली ते चिडत नाहीत, डोळे मिटतात, आणि त्यानं माझं डोकं जास्त फिरतं.

बरं, ढोंगी असते तर सरळ झापलं असतं. पण ओढ खरी आहे त्यांची. जपाला बसले की गालावरून पाणी ओघळतं आणि त्यांना पत्ताही नसतो. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग एका सकाळी त्यांनी जाहीर केलं की आता कायमचंच जायचं. उरलेलं आयुष्य देवाला द्यायचं, आश्रमात. विधीत स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हातानं घालतात, स्वतःच्या नावाचा पिंड ठेवतात. ते झालं की माणूस घराला मेला. पुढे खरंच गेले तरी आम्हाला सुतकसुद्धा नाही. हे सगळं त्यांनी बशीत चहा ओतता ओतता सांगितलं.

आईनं विचारलं, "मग मी कोण?"

"तू आहेस तीच की."

"म्हणजे कुंकू लावायचं की नाही?"

 आश्रमातल्या स्वामीजींना विचारतो, बाबा म्हणाले. स्वामीजींनी कुंकवाचं तिच्यावरच सोपवलं, पण एक अट घातली. बायकोची परवानगी हवी. तीही चिडून, रडून, कंटाळून दिलेली चालायची नाही. तिनं मनापासून हो म्हटलं पाहिजे.

झालं, तिथून आमच्या घराची वाट लागली. बाबा रोज सकाळी आईसमोर बसतात आणि विचारतात, "काय ठरवलंस?" आई म्हणते, "बघू." मागे लागायचं नाही असा नियम, म्हणून ते उठतात. दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यांची भरलेली झोळी दाराशी पडून आहे आणि येता-जाता मी तिला अडखळते. आश्रमात ठरलेला दिवस निघून गेला, मग दुसराही गेला. मावशी फोनवर आईला सांगते, त्यांच्या पुण्याच्या आड येऊ नकोस. शेजारच्या काकू म्हणतात, ठणकावून नाही म्हण. आई दोघींचंही ऐकून घेते आणि कुकर लावायला जाते.

गेल्या रविवारी माझा बांध फुटला. बाबा बाल्कनीत स्वतःची धोतरं वाळत घालत होते, आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर फतकल मारली.

"आई, काय ते एकदाचं बोल. हो म्हण, मी स्वतः त्यांना सोडून येते. नाही म्हण, मी त्यांच्याशी भांडते. पण हे बघू-बघू बंद कर. ना धड ते इथले, ना तिथले. आणि तुझं काय? उद्या एकटी पडशील म्हणून मला रात्रभर झोप नाही, आणि तू मेथी निवडतेयस."

"हळू बोल," आई म्हणाली. "ऐकतील ते."

"ऐकू देत."

तिनं बाल्कनीकडे बघितलं. मग जुडीतली माती झटकत, अगदी सहज सांगितलं, "हे घर घेतलं ते मी किल्ली मिळाल्यावर पाहिलं. माझी बालवाडीतली नोकरी, ती हेच शाळेत जाऊन सोडून आले. तुझं नावसुद्धा मला बारशाला कळलं गं, पाहुण्यांबरोबर. आता रोज समोर बसतात. मी काय म्हणते म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहतात."

मी एक जुडी पुढे ओढून निवडायला लागले.

"हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय," आई म्हणाली, "एकदा सांगून टाकलं की उद्यापासून मला कोण विचारणार?"