एका शेअरची मालकीण

अक्का गेल्याचं मला बसूनं फोनवर सांगितलं. बसू आमच्या भावाचा मुलगा. दिवसभर मोबाईलवर शेअरबाजार बघत बसायचं, याला तो धंदा म्हणतो. त्या रात्री दवाखान्यात त्याची पाळी होती. "आत्या, अक्का गेली," एवढं बोलून तो थांबला. मला वाटलं, पोरगं रडतंय. मग म्हणाला, "जाताना त्या कंपनीबद्दल काय बोललीती का तुझ्याजवळ? घ्यायचा का न्हाय तो शेअर?"... मी फोन ठेवून दिला. त्यानंतरच्या आठवड्यांत कितीतरी जण भेटायला आले. चहा प्यायले, अक्का किती करारी होती ते मलाच सांगितलं, आणि चपला घालता घालता हळूच तोच प्रश्न विचारून गेले. अक्का असती तर एकेकाला उंबऱ्यावरच झाडलं असतं. आता ते काम माझ्याकडे आलं आहे.

माझी ही थोरली बहीण गंगाक्का, सगळ्या पेठेची अक्का. आमचं माहेर कुरुंदवाडचं, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मला ती शेवटपर्यंत 'तंगी' म्हणजे धाकटी बहीण म्हणूनच हाक मारायची. दुकानात नळाच्या तोट्या आल्या की अप्पा एकेक तोंडाला लावून फुंकायचे. हवा निसटली की तोटी परत. फुंकायचं काम पुढे अक्काकडे आलं. कोल्हापुरातल्या एका कारखान्याच्या तोट्या मात्र अप्पा न फुंकता विकायचे. लग्नानंतर अक्का कोल्हापुरात आली, नवरा लवकर गेला, दिरांनी त्याचं दुकान घशात घातलं. पदरात पडलं तेवढं तिनं शेअरमध्ये घातलं आणि त्यावर कुणापुढं हात न पसरता घर चालवलं. तिचा अंदाज सहसा चुकत नसे, म्हणून तर ही सगळी मंडळी चहाला येत.

तिची रीत ऐकली तर शिकलेली माणसं हसतात. खुशाल हसा. कंपनी मनात भरली की ती आधी एकच शेअर घ्यायची. एका शेअरचा मालकही भागधारकच. त्याला वार्षिक सभेला बसता येतं. सभा कारखान्यातच असेल तर अक्का इस्त्रीचं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसायची आणि भाषण रंगात आलं की उठून बायकांचा संडास कुठाय म्हणून विचारायची. "भाषण कुणीबी ठोकतंय की," ती म्हणायची. "जिथं कोण बघाय येत न्हाय, तिथं कसं ठेवलंय ते बघायचं." बॅलन्सशीट ती वाचायची, चांगली वाचायची, पण आधी नाही.

न फुंकता विकल्या जाणाऱ्या तोट्यांची ती कंपनी पुढे शेअरबाजारात आली. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? शेअरचा भाव वर्षानुवर्षं एका जागी बसलेला. मी निवृत्त झाले ती विनाअनुदानित शाळेतून, म्हणजे पेन्शनच्या नावानं शून्य. शाळेनं हातावर टेकवलं तेच माझं म्हातारपण. मी अक्काकडे राहायला आले आणि बसू माझ्या मागे लागला. कंपनीला कर्ज नाही, जागा स्वतःची, लाभांश थोडा पण नेमानं. "आता खाली जायला जागाच न्हाय आत्या!" मलाही पटलं. अक्कानं त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. "हलत न्हाय म्हणून त्याला दणकट म्हणतोस व्हय? मेलं असंल की ते."

कारण तिनं संडास बघितला होता. तोट्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात बायकांच्या संडासातली तोटी गळत होती. चिंधी बांधलेली, खाली बादली. अक्कानं भर सभेत उठून ते सांगितलं. "साहेब, तुमची तोटी गळतीया." व्यासपीठावरचे साहेब म्हणजे संस्थापकांचा नातू, परदेशात शिकून आलेला. त्यानं गोड हसून "नोंद घेतली आहे, मॅडम" म्हटलं. पुढच्या वर्षी अक्का पुन्हा गेली. नोंद घेतलेली होती; बादली मोठी आणली होती. नंतर सभा ऑनलाइन व्हायला लागल्या. तरी ही रिक्षा करून कारखान्याच्या दारात हजर. वॉचमन म्हणाला, "अक्का, सभा मोबाईलवर हाय." त्यावर ही म्हणाली, "मोबाईलवर संडास दिसतोय व्हय रं?" त्यानं निमूट आत सोडलं. घरी येऊन पायावर पाणी घेता घेता तिनं निकाल दिला, "न्हाय."

एकदा माझा तोल गेला. म्हटलं, "अक्का, एका गळक्या तोटीवरून माझं म्हातारपण ठरवणार का तू?" ती चिडली नाही. "तुझं म्हातारपण हाय म्हणूनच बघाय जातो, तंगी. माझं असतं तर कवाच घेतलं असतं. अप्पांच्या दुकानातला माल हाय की गं त्यो..." तेव्हा मला कळलं, दरवर्षी ती 'होय' म्हणायच्या आशेनं जात होती. आजवर एवढ्या लोकांना तुच्छतेनं उडवून लावताना मी तिला पाहिलं, पण आवाज असा बारीक झालेला तेव्हा एकदाच ऐकला. दवाखान्यातही शेवटी याच तोटीबद्दल बोलली. "यंदा तू जाऊन ये. गळायची थांबली असंल तर घे, बिनघोर घे."

परवा गेले. वॉचमननं माझ्यामागे बघितलं. "अक्का?" मी सांगितलं तशी त्यानं टोपी काढली. आख्ख्या कारखान्यात अक्काची किंमत कळलेला तेवढाच एक माणूस असावा. आत गेले तर संडासात नव्या फरशा, नवी चकचकीत तोटी. उघडली, बंद केली. खाली तळवा धरला. थेंब नाही! घ्यायचा, ठरलंच... बसूचा नंबर लावायला मोबाईल काढला आणि तोटीवरच्या नावाकडे लक्ष गेलं. नाव दुसऱ्याच कंपनीचं होतं.

बाहेर येऊन वॉचमनला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "आधी आमचीच नवी बसवलीती, बाई. ती बी गळाय लागली. मग बाजारातनं दुसरी आणली." मी हसायला लागले. घरी जाऊन हे अक्काला कधी एकदा सांगते असं झालं, आणि मग घरी कोणी नाही हे आठवलं. तिथेच, कारखान्याच्या दारात, मी रडले.

संध्याकाळी मागच्या दारी बादली भरत होते तर बसूचा फोन. शेअर जरा वर सरकला म्हणे, आवाजात नुसता उत्साह. "आता तरी घेऊया का आत्या?" "न्हाय," मी म्हटलं. चाळीस वर्षं शाळेत शुद्ध मराठी शिकवलेल्या माझ्या तोंडून हा शब्द अक्काच्याच सुरात आला. मी फोन ठेवला. आमच्या मागच्या दारची तोटी त्याच कंपनीची आहे, अप्पांच्या दुकानातली. लग्नानंतर अक्कानं माहेराहून आणून बसवलेली. पितळ काळं पडलंय, तोटीवरचं नाव झिजलंय. बादली भरली, तोटी बोटानं फिरवली, पाणी थांबलं. मी खाली तळवा धरून उभी राहिले... हात कोरडाच राहिला.