लांडगा भुंकला नव्हता

रेवसच्या धक्क्यावर बा मला पोचवायला आला. येऊ नको म्हटलं होतं, तरी आला. बोट सुटताना म्हणाला, "गनू, जाताना तरी माझ्याकडं बघ." मी मुंबईच्या दिशेला तोंड करून उभा राहिलो.

यमे, बा तुझाही होता, पण तू तेव्हा लहान होतीस. किहीममध्ये बाचं नाव निघालं की लोक अजून मान खाली घालतात, असं तुझ्या नातवाने कळवलं. म्हणून आता, हात चालतोय तोवर, लिहितो आहे.

एकोणीसशे तीसच्या आधीची गोष्ट. समुद्राकाठच्या बंगल्यातल्या साहेबाने उत्तरेकडचा एक कुत्रा आणला. दाट राखाडी केस, निळे डोळे, पाठीवर वळलेली शेपटी. गाव त्याला लांडगा म्हणायचं. बा बंगल्याचा रखवालदार, आणि कुत्राही राखणीलाच आणलेला. उन्हाळ्यात तो माडाच्या ओल्या आळ्यात खड्डा उकरून धापा टाकत पडायचा. पण पोस्टमन येवो की मासळीवाली, उठून शेपटी हलवायचा. काकी म्हणायची, "ह्यो कुत्रा न्हाय, जावई हाय! जाईल तिथं पाहुनचार."

एका सकाळी मडमेची सोन्याची साखळी नाहीशी झाली. साहेबाने मला विचारलं, "कुत्रा भुंकला?" रात्री मी बाजवळ बंगल्याच्या ओसरीवरच झोपलो होतो. म्हटलं, "न्हाय साहेब, अजिबात न्हाय." खरं तेच सांगितलं. पण जमलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. परका असता तर कुत्रा भुंकला असता! बाची नोकरी गेली, साखळी कधीच सापडली नाही. घरी बाने विचारलं, "तुला बी तसंच वाटतं?" मी उठून बाहेर गेलो. मग खलाशी म्हणून नाव घातलं आणि निघालो.

दोन-तीन वर्षांनी अलास्काच्या एका बंदरात जहाज सोडलं आणि मासळीच्या कारखान्यात लागलो. जाड ओव्हरकोट, बंद डब्यातलं जेवण, महिनोन्‌महिने बर्फ. गावाबाहेर काठ्यांवर मासे सुकत घातलेले दिसले आणि आपली बोंबलांची वलांडी आठवली. ते मासे स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी होते. शेजारी साखळीला बांधलेले कितीतरी लांडगे, तेच निळे डोळे.

त्यांना सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारलं, हे राखण करतात का? तो पोट धरून हसला. म्हणाला, हे सैबेरियाच्या काठावरचे. तिथल्या लोकांनी हलकं ओझं लांबवर, थोड्या खाण्यावर ओढायला पिढ्यान्‌पिढ्या वाढवले, पोराबाळांत झोपवले. हे रडतात, गळा काढतात, पण परक्यावर भुंकत नाहीत. चोर आला तर त्याचा हात चाटतील.

मी तिथेच बर्फात बसलो.

त्याच आठवड्यात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. कारण मग हेही लिहावं लागलं असतं की कुत्र्याची जात कळेपर्यंत मला माझा बाप कळला नव्हता. पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी, करत राहिलो. तोवर बा गेला.

यमे, हे देवळासमोर, चारचौघांत वाच. कुत्र्याचं आधी सांग, कारण लोकांना तेच पटेल. पण मला मात्र त्याची गरज पडायला नको होती, हेही सांग.

इथे माझं घर आहे, बायको आहे, मुलं इंग्रजीत भांडतात. तरी घर म्हटलं की मला किहीम दिसत नाही. रेवसचा धक्का दिसतो. बोट सुटते आहे, बा उभा आहे, आणि मला अजून मान वळवायची आहे.