बाबांनी पुन्हा उच्चारलेला शब्द

माझ्या धाकट्या बहिणीला रेल्वेच्या इंजिनात बसायचं होतं आणि मी एका इंग्रजी विशेषणाने तिला खाली उतरवलं. आमच्या घरात ती गोष्ट ‘पोरीनं नोकरी नाकारली’ अशीच सांगितली जाते. ती गोष्ट निघाली की मी पाणी प्यायला उठतो.

बाबा बडनेऱ्याला मालगाडीचे ड्रायव्हर होते. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की सहायकाने तो मोठ्याने सांगायचा आणि ड्रायव्हरने तेच पुन्हा म्हणायचं. दोघांच्या तोंडून आला की तो पक्का. बहिणीने लहानपणीच याचा खेळ केला होता. बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून ती समोर बघत ओरडायची, “हिरवा!” मागून बाबा म्हणायचे, “हिरवा!” बैल आडवा आला तर “लाल!” मी कॅरिअरवर बसलेला असायचो. तिथून सिग्नल दिसत नाही.

पुढे ती सहायक लोको पायलटची, म्हणजे इंजिनातल्या त्या सहायकाचीच, परीक्षा पास झाली, मेडिकलही झालं. नेमणूक भुसावळकडे होती. मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकताच लागलो होतो. आमच्याकडे मोठी गोष्ट ठरवायची असली की बाहेरच्या खोलीत बैठक बसते, सगळे बोलतात आणि शेवटचं बोलणं घरातल्या सर्वांत शिकलेल्या माणसाचं. त्याच्यावर मग कुणी बोलत नाही.

मोठे काका म्हणाले, “पोरगी इंजिन चालवीन, मंग जवई काय सैपाक करीन?”

आतून बहिणीचा आवाज आला, “तुमी तरी कुठं इंजिन चालवता काका? मंग सैपाक काहून येत नाई?”

सगळे हसले. काकाही हसले. त्या हसण्यात बैठक तिच्या बाजूने झुकली होती. मला ते स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले.

“तू शिकेल माणूस. तू सांग.”

“इट वुड नॉट बी प्रुडंट, बाबा.”

“म्हंजे?”

मी वर्गात सांगतो तसं सांगितलं. पुढचा धोका आधीच ओळखून, जपून घेतलेला निर्णय म्हणजे प्रुडंट. रात्रीच्या ड्युट्या, परकं गाव, एकटी मुलगी. नको म्हणणं हेच प्रुडंट.

बहीण दारात येऊन उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग सिग्नल म्हणायच्या त्यांच्या सपाट आवाजात ते म्हणाले, “प्रुडंट.”

त्या घरात त्या पुन्हा म्हणण्याचा अर्थ तिच्याइतका कुणालाच कळत नव्हता. ती आत गेली.

खरं असं होतं की त्याच आठवड्यात मी वलगावला मुलगी बघायला गेलो होतो. तिच्या मामांनी विचारलं होतं, “बहीण काय करते?” मी म्हणालो होतो, “शिकते अजून.” पुढच्या वेळी ‘इंजिन चालवते’ असं सांगताना त्यांचा चेहरा कसा होईल, एवढंच त्या बैठकीत माझ्या डोक्यात होतं. रात्रीच्या ड्युट्या मला बोलता बोलता सुचल्या. माझं लग्न तिथेच झालं. बहीण अकोल्यात दिली. तिथल्या एका खाजगी शाळेत ती गणित शिकवते. बाबा आता नाहीत.

दर रविवारी मी बडनेऱ्याहून अकोल्याला जातो. मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेतो. फलाटावर गाडी शिरली की आधी माझी नजर इंजिनाच्या काचेवर जाते. अलीकडे त्या सहायकाच्या जागी मुली दिसतात. एकदा शेजारच्या रुळावरची गाडी सुटताना एकीने हात वर केला, तिचे ओठ हलले, पलीकडच्या ड्रायव्हरचेही हलले. काचेमुळे मला काही ऐकू आलं नाही. ऐकू आला तो बाबांचा आवाज आणि त्यांचा तो एकच शब्द. माझ्या गाडीतून कुरूम गेलं, मूर्तिजापूर गेलं, तो थांबेना.

मागच्या रविवारी धडाच तो होता, शहाण्या निर्णयांची विशेषणं. मी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिलो. उन्हात दुपट्टा बांधून निघणं सेन्सिबल. अकोल्यात नळाचं पाणी पुरवून वापरणं ज्युडिशस. आणि प्रुडंट. पुढच्या बाकावर ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एक बाई बसतात. त्यांनी हात वर केला.

“सर, निर्णय आपला आन् नुकसान दुसऱ्याचं, त्याले कोणता शब्द लावाचा?”

मागून एक जण म्हणाला, “त्याले नवरा म्हन्तेत, मॅडम.”

वर्ग खिदळला. मला एक सोडून दोन शब्द येत होते. श्रूड, म्हणजे स्वतःचं बरोबर साधणारा. आणि सेल्फिश. खडू फळ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मी वर्ग लवकर सोडला.

बहिणीचं घर तिथून चालत जाण्यासारखं आहे. इतके रविवार ‘गाडीची वेळ झाली’ म्हणून मी तिकडे वळलो नव्हतो. तिने दार उघडलं.

“आज गाडी रद्द झाली काय भाऊ? नाई म्हटलं, सूर्य इकडून कसा निंगाला.”

“नाई. तुयाशीच बोलाचं होतं.”

ती पेपर तपासत होती. तिने ते बाजूला सारले, मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या काठावर बसली. मी त्या बैठकीचं नाव काढलं तसा तिचा चेहरा मिटला. तरी मी सुरू केलं, “आय ओ यू ॲन अपॉलॉजी...”

“भाऊ,” ती म्हणाली, “इंग्रजीत नको सांगू. मागच्या वेळी तसंच सांगतलं होतं तू.”

मग मी आमच्या बोलीत सांगितलं.

“मले तुयासाठी भेव नोता. वलगाववाले काय म्हनतीन, याचा भेव होता. धोका तुले नोता, मले होता. मी बाबांशी खोटं बोललो, आन् तू दारात उभी होती. माफ कर मले.”