घरच्या माणसाला आमंत्रण

आमच्या वरच्या मजल्यावरची चैत्राली इथे नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनमध्येच लहानाची मोठी झाली. मराठी छान बोलते, पण चिडली की डचमध्ये शिरते. शाळा संपल्यावर तिने सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यशिक्षण या विषयात पदवी घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्या बाबाने, शैलेंद्रने, माझ्यासमोरच तिची उलटतपासणी घेतली.

"म्हणजे डॉक्टर होणार नाहीस?"

"नाही."

"मग नर्स?"

"नाही रे बाबा."

"मग लोकांना भाज्या खा म्हणून सांगायला चार वर्षं शिकायचं?"

शैलेंद्र मला धाकट्या भावासारखा, पण त्या दिवशी मला त्याचा रागच आला. पोरीने हा विषय का घेतला, हे त्या घरात त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्याचा नाशिकचा मोठा भाऊ रविकांत. साखर वाढलेली, वर्षानुवर्षं अंगावर काढलेली. चैत्राली शाळेच्या सुट्टीत नाशिकला गेली, तेव्हा काकाच्या पायजम्याची एक बाजू दुमडून पिन लावलेली तिने पाहिली. पुढच्या सुट्टीत काका नव्हताच. तेव्हापासून शैलेंद्रच्या घरात साखरेचा विषय बंद. इथल्या हाउसआर्ट्सने, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरने, त्याला रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं. हा प्रत्येक वेळी ऑफिसचं काम पुढे करायचा आणि आमच्याकडे गणपतीत श्रीखंडाची वाटी मात्र दुसऱ्यांदा पुढे करायचा.

शेवटच्या वर्षी चैत्रालीने प्रकल्प घेतला तो याच विषयावर. भारतीय कुटुंबांसाठी वस्तीतल्या कम्युनिटी सेंटरमध्ये काही बुधवार संध्याकाळी जमायचं, साखर, खाणं, चालणं यावर बोलायचं, आणि दवाखान्यातली नर्स येऊन ज्याला हवं त्याची साखर तपासणार. मला म्हणाली, "मार्कांचं काय ते होईल, मावशी. मला बाबा तिथे हवाय."

पहिल्या बुधवारसाठी तिने मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. सुबक चित्र, खाली नावनोंदणीची लिंक. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. संध्याकाळी सेंटरमध्ये ती, नर्स, मी आणि योगाचा वर्ग कुठे भरतो हे विचारायला आलेले एक डच आजोबा. तिने वाट्यांमध्ये भरून ठेवलेली मटकीची उसळ तशीच राहिली. खुर्च्या उचलताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाईट वाटण्याआधी संतापच आला.

"लिंक पाठवलीस म्हणजे आमंत्रण झालं का गं?"

"मावशी, सगळ्यांनी मेसेज बघितलाय. थंब्स अप पण दिलाय."

"अंगठा दाखवलाय त्यांनी. घरी गेलीस का कोणाच्या? निदान फोन?"

"पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे प्रेशर टाकणं. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. इन्फर्मेशन द्यायची आणि डिसिजन त्यांच्यावर सोडायचं."

"ते इथल्या लोकांचं झालं. ती माणसं डायरीत लिहितात आणि येतात. आपल्यात आग्रह केला नाही, तर माणसाला वाटतं बोलावणाऱ्यालाच आपण नको आहोत."

तिला ते पटलं नाही. डचमध्ये काहीतरी पुटपुटली. पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन कुंकवाचा करंडा आणि अक्षता मागून घेतल्या, लग्नाच्या आमंत्रणाला नेतात तशा. त्यानंतर रोज कॉलेजातून आली की सायकलवर टांग टाकून ही घरोघर. दारात कुंकू लावायची, हातावर अक्षता ठेवायची आणि म्हणायची, "बुधवारी नक्की यायचं हं." लोक आधी हसले, मग विरघळले. अर्थात कोणी कोरडं सोडेना. मंडळातल्या मीनलने तर बेसनाचा लाडू खाल्ल्याशिवाय उठूच दिलं नाही. साखरेवर बोलायला निघालेली पोरगी घरोघरी गोड खाऊन परत यायची आणि माझ्या सोफ्यावर पोट धरून बसायची.

पुढच्या बुधवारी खुर्च्या कमी पडल्या. आपले लोक आपल्या वेळेला आले, नर्स बिचारी सारखी घड्याळ बघत होती, पण हॉल भरला. उपवासाच्या साबुदाण्यावरून तर अशी जुंपली की नर्सला सगळं थांबवून साबुदाणा म्हणजे काय ते विचारावं लागलं. चैत्राली बोलली छान. फक्त तिचं लक्ष सारखं दाराकडे होतं. तिची आई सुचेता आली होती, एकटीच.

कार्यक्रम संपल्यावर रिकामी पातेली पोचवायला मीही त्यांच्याबरोबर वर गेले. शैलेंद्र लॅपटॉप उघडून बसला होता.

"का रे, आला नाहीस?" मी विचारलं.

"आम्हाला कुठे आमंत्रण होतं?" तो वर न बघता म्हणाला. "मीनलकडे अक्षता गेल्या, दामोदरकडे गेल्या. आम्ही काय, घरचेच."

सुचेताने कपाळावर हात मारून घेतला. लग्नात रुसलेला जावई बरा, असा त्याचा चेहरा. हा सगळा बहाणा होता हे मला दिसत होतं. माणूस घाबरला होता. भावाच्या पायजम्याची दुमडलेली बाजू त्यानेही पाहिली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात चैत्राली उठली, जाकीट चढवलं, बूट घातले आणि दार ओढून बाहेर गेली. रागावून गेली असंच मला वाटलं.

मग बेल वाजली.

सुचेताने दार उघडलं. बाहेर चैत्राली उभी, हातात माझा करंडा. सरळ आत येऊन ती बापासमोर वाकली, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातावर अक्षता ठेवल्या.

"बाबा, पुढच्या बुधवारी आमच्याकडे कार्यक्रम आहे. तुम्ही आलंच पाहिजे. तुमच्याशिवाय सुरू करणार नाही."

जन्मात तिने त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. शैलेंद्र हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. त्याने अक्षतांची मूठ मिटली.

"सगळ्यांसमोर सुई टोचणार?" त्याने विचारलं.

"कोणी यायच्या आत या. खुर्च्या लावायला."

बुधवारी मी पोचले तेव्हा तो खुर्च्या लावत होता. नर्सने त्याला बोलावलं, बोटाला टोचलं. त्याने यंत्राकडे पाहिलंच नाही, पोरीच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने आकडा वाचला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "वाढलीये, बाबा. घाबरण्यासारखं नाही, पण उद्याच हाउसआर्ट्सकडे जायचं. मी येते तुझ्याबरोबर."

तो बोटावर कापूस दाबून उभा होता.

"दादाला सगळ्यांनी सांगितलं गं," तो म्हणाला. "बोलवायला कोणी आलं नाही."

मग कापूस कचऱ्यात टाकून तो तिच्याकडे वळला.

"चल, सांग आता. काय काय सोडायचं?"

हॉलमध्ये अजून कोणीच नव्हतं, तरी तो पहिल्या रांगेत जाऊन बसला.