बेल न वाजवता

वैजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत दहावीच्या पोरांची तोंडी परीक्षा घेत होते. फोन तिच्या शेजारच्या मीनाबेनचा. त्या वाटी परत करायला गेल्या होत्या. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. आत गेल्या तर वैजू खुर्चीत बसलेली, चष्मा डोळ्यांवर, समोरच्या चहावर साय धरलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. "दरवाजा उघडा होता म्हणून तरी कळलं," असं मीनाबेन रडत रडत परत परत सांगत होत्या. समोरच्या पोराला मी काय विचारलं होतं तेच विसरले. तो बिचारा बोलत राहिला आणि मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले.

त्याला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, लिही काहीतरी तिच्यावर. काय लिहू? ती थोर होती असं लिहिलं तर वरून शिव्या घालील. आम्ही दोघी भांडुपच्या एकाच चाळीत वाढलो. दोघींचे बाप गिरणीत, दोघींची गावं चिपळूणच्या अलीकडे-पलीकडे. चाळीत दिवसा दाराला कडी घालायची पद्धत नव्हती. घातलीच तर लोक समजायचे, एक तर भांडण चाललंय, नाही तर मटण शिजतंय. वैजूच्या वडिलांचा आवाज चढला की ती उठून सरळ आमच्या घरात शिरायची आणि एक शब्द न बोलता माझ्या आईसमोर चपात्या लाटायला बसायची. आईही काही विचारायची नाही. फक्त म्हणायची, "कडा जाड राहतायत गं." पुढे ती मानसशास्त्र शिकली, एका संस्थेत संशोधक झाली. कोवळी मुलं जीव का देतात आणि तसेच हाल सोसून बाकीची कशी तगतात, हाच विषय तिने जन्मभर धरला. मला त्याचं काडीचं नवल वाटलं नाही. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, वेळ नाही गं. खोटारडी.

तिची कामाची पद्धत तिच्या साहेबांना कधी पटली नाही. प्रश्नावल्या ती भरून घ्यायची, पण त्यांच्यावर तिचा भरवसा नसायचा. पोरं बाईंना आवडेल तेच लिहितात, हे तिचं म्हणणं, आणि शाळेतली बाई म्हणून सांगते, ते शंभर टक्के खरं आहे. म्हणून ती मुलाला म्हणायची, चल, मला तुमची चाळ दाखव. आणि त्याच्या मागून चालायची. मूल कुठल्या घरात बेल न वाजवता, हाक न मारता शिरतं, आणि त्या घरातलं माणूस हातातलं काम न सोडता त्याला आत घेतं का, एवढंच बघायची. "नापासाचं तोंड घेऊन ज्याला एका तरी परक्या घरात शिरता येतं ना, ते पोर निभावतं," म्हणायची.

माझ्या शाळेमागच्या चाळीतली मुलं मीच तिला मिळवून दिली. त्यात सहावीतला ओंकार होता. वडील लहानपणीच गेलेले, आई लोकांकडे पोळ्या करायची. कागदावर बघितलं तर काळजी करावी असाच. पण त्याच्या मागे फिरून वैजू आली ती हसतच. हा पठ्ठ्या एका घरात शिरून पापड उचलतोय, दुसऱ्या घरातल्या आजोबांच्या हातातला रिमोट काढून घेतोय, तिसरीकडची काकू त्याच्यावर ओरडतेय की सकाळपासून कुठे उलथला होतास. "नंदे, हा झकास आहे. याला माझी गरज नाही," ती म्हणाली, आणि ज्यांना शिरायला एकही घर नव्हतं त्या मुलांच्या मागे लागली. त्यात चुकीचं काय होतं? हात दोनच, मुलं ढीगभर.

मग ती चाळ पुनर्विकासाला गेली. माणसं पांगली, कोणी मालाडला भाड्याने, कोणी माहुलला, कोणी कायमचं गावाला. वैजू तिच्या काळजीतल्या मुलांना शोधत माहुलपर्यंत जायची, तिथल्या रिफायनऱ्यांच्या वासाने डोकं धरून परत यायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा निघायची. ओंकार कुठे राहायला गेला, हे तिने विचारलं नाही. तो झकास होता ना.

बारावीच्या वर्षी ओंकार गेला. त्याने स्वतःच… मला अजून ते वाक्य पुरं करवत नाही. लोक लगेच कारण शोधायला लागले, कोणी मार्क म्हणालं, कोणी मुलगी. वैजू त्यांच्यावर खेकसायची की एक कारण कधीच नसतं, आणि कसं ते तर विचारूच नका, त्याने कोणाचं भलं होत नाही. आम्ही दोघी त्याच्या आईला भेटायला गेलो. सातव्या मजल्यावरची भाड्याची खोली, बाहेर लांबलचक पॅसेज, दोन्हीकडे बंद दारं. आई म्हणाली, त्या दिवशी संध्याकाळी तो जुन्या चाळीच्या जागेकडे गेला होता. तिथल्या पानवाल्याने त्याला बघितलं, पत्र्याच्या कुंपणाला हात लावून उभा होता. वैजूच्या तोंडून निघून गेलं, "पण ताई, त्याला तर इतकी घरं होती…" ती माउली चिडली नाही. आपल्या मालवणीत म्हणाली, "खंयची घरां, बाय? ती दारां चाळीची होती. चाळ पाडल्यानी."

उतरताना वैजू जिन्यातच बसली. "मी पोराची ताकद मोजली गं," ती म्हणाली. "ती त्याची नव्हतीच. शेजाऱ्यांची होती."

त्यानंतरची वैजू वेगळीच होती. तिचं मागणं साधं होतं. चाळी पाडून जे टॉवर होतात, त्यातल्या प्रत्येकात तळमजल्यावर एक खोली ठेवा, संध्याकाळी तिथे एक मोठं माणूस बसवा आणि दाराला कडी घालू नका. बैठकांमध्ये सगळे माना डोलवायचे. मग कोणीतरी सिक्युरिटीचं काय म्हणायचं, कोणीतरी मेंटेनन्सचं. शेवटी व्हायचं काय, तर मुलांसाठी कणखर मनाचं एकदिवसीय शिबिर, मागे बॅनर, मध्ये समोसे. "घर काढून घ्यायचं आणि पोराला सांगायचं कणखर हो," ती म्हणायची. तिच्या डोळ्यांदेखत एकेक चाळ जात होती आणि दर वेळी तिचा मला फोन यायचा, "आणखी एक गेली गं." एवढंच म्हणून ठेवून द्यायची. माझ्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला अजून ठाऊक नाही.

मग तिने मुलुंडच्या तिच्या फ्लॅटचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. म्हणजे लोटलेलं, लॅच काढून टाकलेलं. शिकवणीला जाणारी, शिकवणी बुडवणारी, कुठकुठली मुलं यायची. बेल वाजवायची नाही आणि कोणी काही विचारायचं नाही, हे दोनच नियम. ती त्यांना लसूण सोलायला द्यायची. मी म्हटलं, अगं, चोर शिरेल एखाद दिवशी. तर म्हणे, "शिरू दे. त्यालाही बसवेन सोलायला." याने कोणी वाचलं का? मला माहीत नाही. तिलाही माहीत नव्हतं. जे गेले ते दिसतात, जे जायचे राहिले ते कसे दिसणार? तो एक विचार तिला पोखरत होता. शेवटी शेवटी मला म्हणाली, "नंदे, माझ्या एका दाराने काय होणार गं?" मला तिला खोटं सांगता आलं नाही.

गेल्या रविवारी तिच्या भाच्याने घर आवरायला मला बोलावलं. पुण्याचा मुलगा, सज्जन आहे. त्याने सगळ्यात आधी दाराला आपोआप लागणारं कुलूप बसवून घेतलं होतं. रिकामं घर, त्याचं तरी काय चुकलं? दुपारी आम्ही स्वयंपाकघरातले डबे रिकामे करत होतो. लसणाची टोपली तशीच होती, पाकळ्यांना कोंब आलेले. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी दार ढकललं. हलकेच. मग पुन्हा एकदा, जरा जोर लावून. बेल वाजली नाही. भाचा म्हणाला, वारा असेल. मी धावले, पण त्या मेल्या नव्या कुलपाचा खटका कुठल्या बाजूला फिरवायचा ते मला कळेना. त्याने येऊन उघडलं तेव्हा पॅसेजमध्ये कोणी नव्हतं आणि लिफ्ट खाली निघाली होती. गुडघ्यांचा विचार न करता मी जिन्याने खाली गेले. वॉचमन म्हणाला, "बच्चे तो आते-जाते रहते हैं मॅडम, आपको कौन चाहिए?" काय सांगणार त्याला? मुलगा होता की मुलगी, तेही मला माहीत नव्हतं.

वर येऊन भाच्याला म्हटलं, आज दार लोटूनच ठेव. त्याने मध्ये चप्पल अडकवून ठेवली. मी खाली बसून टोपलीतला सगळा लसूण सोलून काढला. लिफ्ट थांबली की दोघंही मान वर करून बघत होतो. अंधार पडेपर्यंत थांबलो. कोणी आलं नाही. त्याला पुण्याला निघायचं होतं. त्याने चप्पल काढली, दार ओढलं. कुलूप आपलं आपण लागलं.